नाकातले केस पांढरे का होतात? चिमटा हातात घेण्याआधी हे वाचा

आरशात पाहताना नाकपुडीतून एखादा पांढरा केस डोकावला की बहुतेकांचा हात आधी चिमट्याकडे जातो. खरं तर केस पांढरा होण्यात काळजीचं फारसं कारण नसतं. धोका असतो तो उपटण्यात.

केसाचा रंग मुळाशी ठरतो. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरतात. वय वाढतं तशा या पेशी कमी होतात आणि नवा केस पांढराच उगवतो. डोक्यावर, दाढीत, भुवयांत हेच घडतं. घराण्यात केस लवकर पिकत असतील तर नाकातलेही लवकर पिकू शकतात. धूम्रपान, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांचाही अकाली केस पिकण्याशी संबंध आढळतो. पंचविशीच्या आत डोकंही पांढरं होऊ लागलं असेल आणि जोडीला थकवा किंवा हातापायांना मुंग्या असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावं. नाकातल्या एकट्यादुकट्या केसासाठी मात्र तपासण्यांच्या मागे लागू नये.

हे केस हवेतली धूळ आणि परागकण अडवतात. पांढरा केसही हे काम तितकंच चोख करतो.

आता उपटण्याबद्दल. ‘एक उपटला की चार येतात’ हे खोटं आहे, कारण प्रत्येक केसाचं मूळ वेगळं असतं. त्या मुळातून पुन्हा पांढराच केस येतो, म्हणजे डोळ्यांत पाणी येईपर्यंत सोसलेलं दुखणं फुकट! शिवाय उपटल्यावर मुळाशी बारीक जखम होते. अनेक निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस जीवाणू असतातच. ते जखमेत शिरले की ठणकणारी पुळी येते. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या रक्तवाहिन्या मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असल्याने हा संसर्ग क्वचित मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. पुळी आलीच तर ती फोडू नये. सूज पसरली, ताप आला, डोकं दुखू लागलं किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग करायचं काय? बाहेर दिसणारं टोक तेवढं गोल टोकाच्या छोट्या कात्रीने किंवा नाकासाठीच्या ट्रिमरने कापावं. उजेडात, आरशासमोर, नाक शिंकरून झाल्यावर. ट्रिमर दुसऱ्याचा वापरू नये. नाकात हेअर डाय लावणं किंवा वॅक्स करणं टाळावं, आतली त्वचा फार नाजूक असते.