नावावाचून गाजलेला आवाज

मास्टर दीनानाथांची कन्या म्हटली, की तिची वाट सोपी असणार, असे आपणांस वाटते. ते खरे नव्हे. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ निवर्तले, तेव्हा थोरली लता अवघी बारा वर्षांची होती. ‘बलवंत संगीत मंडळी’चे वैभव आधीच ओसरले होते. त्याच वर्षी ‘किती हसाल’साठी तिने गायिलेले पहिले गीत चित्रपटात राहिलेच नाही. घर चालविण्यासाठी तोंडाला रंग लावून तिला पडद्यावर उभे राहावे लागले.

१९४९ साली ‘महल’ आला. नांदेड-लातूरचा आपला मुलूख निजामी अमलातून सुटून तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. खेमचंद प्रकाशांनी स्वरबद्ध केलेल्या ‘आयेगा आनेवाला’ने रसिक वेडावले, पण तबकडीवर नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे! गाणारी कोण, अशी विचारणा सुरू झाली, तेव्हा कोठे तिचे नाव लोकांपुढे आले.

श्रोतेहो, ही कसोटी निखळ होती. ऐकणाऱ्यांपुढे ना पित्याचे नाव होते, ना तिचे. होता तो केवळ आवाज. पित्याने गळ्यावर संस्कार ठेवले. नाव मात्र तिचे तिलाच मिळवावे लागले.