खांद्यावरचा तिरपा पट्टा

'पट्टेवाला' या शब्दात सत्तेची सावली आहे. कचेरीच्या दारातल्या माणसाच्या छातीवरून गेलेला तिरपा पट्टा त्याच्या साहेबाचा अधिकार मिरवत असे. अमेरिकेतील अग्निशामक जवानही तसाच कातडी पट्टा घालतो. मात्र त्याला लटकलेला असतो बिनतारी संच. तो पट्टा कोटाच्या वर घालावा की आत, हा तेथे जिवाचा प्रश्न होऊन बसला.

दुसऱ्या महायुद्धात असा प्रश्नच नव्हता. 'वॉकी-टॉकी' म्हणजे पाठीवरचे सुमारे 16 किलोंचे ओझे. ते वाहणे हेच एका सैनिकाचे काम. 'हँडी-टॉकी' सव्वादोन किलोंचा, पण हातात धरावा लागे. आगीत शिरणाऱ्याचे हात तर पाण्याच्या नळीत आणि कुऱ्हाडीत गुंतलेले! संच लहान होत गेला तसा तो कमरेला, खिशात, पट्ट्यावर आला आणि मायक्रोफोन वायरीने गळ्यापाशी चढला.

सोय झाली, पण वायर उघड्यावर आली. ती अडकते, वितळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत 160 अंश सेल्सिअसला उघडे ठेवलेले संच 15 मिनिटेही नीट चालले नाहीत. कोटाच्या खिशाचे आवरण मिळालेले अधिक टिकले. मग खिसाच बरा? तर तेथे अँटेना वाकते आणि जाड हातमोज्यांना बटण सापडत नाही.

व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीच्या अग्निशमन विभागाने 2013 साली याचा कसून अभ्यास केला. निष्कर्ष साधा होता: पट्टा कोटाच्या आत घालावा, वायर आतूनच वर न्यावी, आणि संच कोटाच्या काठाखाली, मांडीच्या वरच्या बाजूला यावा. म्हणजे पट्ट्याची लांबी आरशासमोर उभे राहून ठरवायची नाही. संपूर्ण पोशाख चढवून, गुडघ्यांवर रांगून ठरवायची. रांगताना संच पुढे झोके घेतो, म्हणून त्याला कमरेशी बांधणारी दुसरी बारीक पट्टी. बटणे न पाहता, बोटांनीच चाचपून कळली पाहिजेत.

इतके करूनही देह आड येतोच: माणसाचे शरीर लहरी शोषते, त्यामुळे कमरेवरच्या अँटेनाचा आवाज क्षीण होतो. उष्णतेपासून वाचवावे तर आवाज दबतो, आवाज मोकळा करावा तर वायर जळते. पट्टेवाल्याच्या पट्ट्याला ही कसरत कधी करावी लागली नाही. 2021 साली अमेरिकेत या संचांसाठी स्वतंत्र मानक आले, तेव्हा संचाबरोबर त्याचा मायक्रोफोनही उष्णतेच्या कसोटीला लावण्यात आला.