उतारवयातील कृशता आणि बँटिंगची साक्ष

जत्रेचा दिवस हा आमच्याकडे गाठीभेटींचा दिवस. वर्षभर ज्यांचे दर्शन घडले नाही असे महाजन, कुळावी, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेली मंडळी देवीच्या प्राकारात एकत्र जमतात. देवाचे दर्शन झाले की एकमेकांचे दर्शन सुरू होते, आणि त्यात पहिली तपासणी देहाची. गेल्या जत्रेत आमचे एक सत्तरी उलटलेले स्नेही या तपासणीत सापडले. मधुमेह आणि गुडघेदुखी यांमुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी वर्षभरात अकरा किलो वजन उतरविले होते. रक्तातील साखर ताळ्यावर आली होती, काठी सुटली होती. परंतु जो भेटे तो एकच वाक्य म्हणे, ‘तुमी खूब बारीक जाल्यात!’ एका मावशीबाईंनी तर त्यांच्या सुनेकडे असा काही कटाक्ष टाकला की ती बिचारी दीपमाळेआड गेली. सासऱ्यास पोटभर वाढीत नाही, हा आरोप शब्दांवाचूनही सिद्ध झाला! संध्याकाळी ते गृहस्थ आमच्यापाशी येऊन बसले व म्हणाले, ‘वकीलबाब, गुडघे तरुण झाले, पण तोंड म्हातारे झाले. घरची म्हणते, पुन्हा दोन वेळ भात सुरू करा. तुम्ही काय म्हणता?’

आम्ही वैद्य नव्हे. पण दोन पक्ष समोर आले की त्यांचे कागद पाहावेत, ही आमच्या धंद्याची खोड. म्हणून या वादाचा इतिहास थोडासा चाळला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम मावशीबाईंच्या बाजूने बोलले पाहिजे. त्यांचा कटाक्ष अन्याय्य होता, पण निराधार नव्हता. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन सापडले, १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन. त्यापूर्वी मधुमेहाने किंवा क्षयाने माणूस वाळू लागला की घरच्यांनी काय समजायचे ते समजत असत. दुष्काळाच्या आठवणी होत्या त्या वेगळ्याच. आमच्या भाषेतच याचा पुरावा आहे. वजन वाढण्यास आपण ‘अंग भरणे’ म्हणतो, लेकराला ‘बाळसे’ येते, गुटगुटीत माणूस ‘खात्यापित्या घरचा’ ठरतो. उलट वजन घटण्याचे शब्द पाहा : वाळणे, खंगणे, झिजणे, रोडावणे. यांतील प्रत्येकाला एकतर वठलेल्या झाडाचा नाहीतर रुग्णशय्येचा वास आहे. ‘सडपातळ’ हा एक बरा शब्द, पण तो आपण तरुणांसाठी राखून ठेवला आहे. सत्तरीच्या माणसास कोणी सडपातळ म्हटल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

आता शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ या नावाचा आहे. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशी आठ निंदित शरीरे त्यात सांगितली आहेत. निंदित म्हणजे लोकांच्या डोळ्यांना न रुचणारी. परंतु आठांची गणती संपताच ग्रंथकार पहिल्या सहांना बाजूस सारतो आणि उरलेल्या दोघांचाच विचार करतो, कारण वैद्याचे काम त्या दोघांशीच आहे. अतिस्थूलाचे आठ दोष तो मोजतो. त्यांत आयुष्याचा ऱ्हास आहे, हालचालीची मंदता आहे, दुर्बलता आहे, घाम, भूक व तहान यांचा अतिरेक आहे. मुखाच्या शोभेचा त्यात शब्दही नाही. अतिकृशाचे वर्णनही तो डोळ्यांवर पट्टी न बांधता करतो : सुकलेली मान, शिरांचे जाळे, त्वचा आणि अस्थी एवढेच उरलेले अंग. आणि शेवटी निर्णय देतो की, या दोहोंत कृशता बरी, कारण दोघांनाही रोग झाला तर तो स्थूलालाच अधिक पीडा देतो. स्थौल्य घालविण्याचे व्यायामादी उपाय मात्र क्रमाक्रमाने वाढवावेत, असे त्याचे सांगणे आहे. हा ‘क्रम’ ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

युरोपात या विषयावर पहिला गाजलेला साक्षीदार म्हणजे व्हेनिसचा लुइजी कोर्नारो. तारुण्यात यथेच्छ खाऊनपिऊन चाळिशीच्या आसपास तो अंथरुणास खिळला. वैद्यांनी मिताहाराचा अखेरचा उपाय सांगितला तो त्याने जन्मभर पाळला. दिवसास बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षासव, एवढाच त्याचा आहार. १५५८ मध्ये पादुआ येथे त्याचा मिताहारावरील ग्रंथ छापला गेला. त्यात त्याने सांगितलेला एक प्रसंग आमच्या स्नेह्याच्या घरातलाच वाटतो. म्हातारपणी इतके थोडे खाऊन निभाव कसा लागेल, म्हणून आप्तेष्टांनी व वैद्यांनी त्याच्यामागे लकडा लावला. त्याने दोन-दोन औंस वाढविले. थोड्याच दिवसांत तो दुखण्याने पडला व पुन्हा जुन्या मापावर आल्यानंतरच उठला. बलाढ्य प्रतिपक्षाशी चाललेल्या दाव्याच्या चिंतेने आपले काही नातलग खचून मेले, आपण मात्र मिताहारामुळे टिकून दावा जिंकला, असेही तो लिहितो. (अशिलांना हा उतारा वाचून दाखवावा असे आमच्या मनात अनेकदा येते.)

पण कोर्नारोची गंमत दुसरीच आहे. तो १५६६ मध्ये वारला तेव्हा त्याने शंभरी गाठली होती, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. आजचे बहुतेक संशोधक त्याचा जन्म १४८४ च्या सुमाराचा धरतात. म्हणजे मृत्युसमयी तो ऐंशीच्या थोडासा पुढे होता. ग्रंथात त्याने स्वतःचे वय वाढवून सांगितले होते. आज लोक वय लपवितात, या गृहस्थाने ते चढविले, कारण त्याच्या दृष्टीने म्हातारे दिसणे ही फजिती नसून प्रमाणपत्र होते. साक्षीदार म्हणून अर्थात त्याची पत गेली. जो वयाबाबत अतिशयोक्ती करतो त्याच्या औंसांवर तरी कितपत विश्वास ठेवावा?

म्हणून आमचा मुख्य साक्षीदार दुसरा. विल्यम बँटिंग हा लंडनचा प्रतिष्ठित व्यापारी. अंत्यसंस्काराची सर्व तजवीज करणारी त्याच्या घराण्याची पेढी राजघराण्याची सेवा करीत असे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ मधील अंत्ययात्रा याच पेढीने सिद्ध केली होती. मरणाशी रोजचा व्यवहार असलेल्या या माणसास स्वतःच्या देहाने जेरीस आणले. २६ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याचे वजन २०२ रत्तल, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. उंची अवघी पाच फूट पाच इंच. वाकून बुटाचा बंद बांधता येत नसे. जिना उतरताना गुडघ्यांना व घोट्यांना हिसका बसू नये म्हणून तो पाठमोरा, एकेक पायरी चाचपीत उतरत असे. पहाटे नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. घोडेस्वारी झाली, समुद्राची हवा झाली, औषधी झऱ्यांचे पाणी झाले, तुर्की पद्धतीची स्नाने झाली. लोक हसत, टोमणे मारीत, म्हणून तो चारचौघांत जाण्याचे टाळू लागला.

अखेर कानाने कमी ऐकू येते म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णतज्ज्ञाकडे गेला. फ्रान्सचा शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याची यकृत आणि शर्करा यांवरील व्याख्याने हार्वेने पॅरिसमध्ये ऐकली होती. त्याने बँटिंगचा पाव, साखर, दूध, लोणी, बटाटे व बिअर बंद केली. मासे, मांस, भाज्या, फळे यांस मोकळीक ठेवली. त्याचे ताट आमच्या सोमवारी चालणारे नव्हते, हे खरे. पण आमचा मुद्दा ताटाचा नाही, साक्षीचा आहे. बँटिंग आपले वजन तारखेनिशी टिपून ठेवीत असे. वर्षभराने, सप्टेंबर १८६३ मध्ये, ते १५६ रत्तलांवर आले. म्हणजे ४६ रत्तल, जवळजवळ २१ किलो घट, आणि तीही आठवड्यास सरासरी एक रत्तलाहून कमी या संथ गतीने. चरकाचा ‘क्रम’ तो हाच. त्याच वर्षी त्याने ‘स्थूलतेविषयी जनतेस पत्र’ या आशयाची छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापून फुकट वाटली. ती इतकी गाजली की ‘बँट करणे’ असे क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले, आणि स्वीडनमध्ये आजही पथ्याने वजन उतरविण्यास ‘बांता’ म्हणतात.

या पुस्तिकेतील एका जागेवर आम्ही थबकलो. प्रकृतीतील सुधारणा नोंदवीत असता बँटिंग म्हणतो की, माझे रूप पुष्कळ सुधारले असे ओळखीचे सगळे सांगतात. आणि लगेच पुस्ती जोडतो की, हे निव्वळ मत असेल किंवा मित्रांचे प्रेमाचे बोलणे असेल, परंतु मला स्वतःला देहाने व मनाने बरे वाटते हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. वाचकहो, पन्नास साक्षीदारांत एखादाच इतका जातिवंत निघतो! स्वतःस अनुकूल असलेला ऐकीव पुरावाही तो आपण होऊन बाजूला ठेवतो आणि प्रत्यक्ष अनुभवलेले तेवढेच शपथेवर सांगतो. काय अनुभवले? तर जिना सरळ तोंडाने उतरता येतो. वाकता येते. ऐकू अधिक येते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, तो जाऊन २०२४ मध्ये नवा अधिनियम अमलात आला त्यातही ते राहिले आहे. बँटिंगला ते कायद्याच्या आधीच उमगले होते.

आता कोणी म्हणेल, बँटिंगच्या मित्रांस तो म्हातारा दिसला नाही, मग आमच्या स्नेह्यांसच का दिसावे? येथे अलीकडचा एक पुरावा दाखल करणे अवश्य आहे, आणि तो मावशीबाईंच्या बाजूचा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग या गावी दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. तेथे २००६ व २००७ मध्ये १८६ एकरूप जुळ्या जोड्यांची छायाचित्रे घेऊन, कोण किती वयाचे भासते हे परीक्षकांकडून ठरविण्यात आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाळिशीच्या आत जो भाऊ अधिक वजनाचा तोच अधिक वयाचा भासला. चाळिशीनंतर मात्र न्याय उलटला आणि अधिक वजनाचा भाऊ तरुण वाटू लागला. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा जो निर्देशांक डॉक्टर वापरतात, त्यात चार अंकांचा फरक पडला की हे दिसून येई. बँटिंगच्या उंचीच्या माणसास चार अंक म्हणजे सुमारे अकरा किलो, बरोबर आमच्या स्नेह्यांनी उतरविले तेवढे. बँटिंगने तर याच्या जवळजवळ दुप्पट उतरविले. तेव्हा त्याचा चेहरा ओघळला असणारच, आणि मित्रांचे बोलणे प्रेमापोटीच असणार, हा त्याचा संशय खरा ठरण्याचा संभव अधिक. कारणही उघड आहे. गालांची व डोळ्यांभोवतीची चरबी ओसरते, उतारवयाची कातडी मागे आवळून येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइड या औषधास वजन घटविण्यासाठी मान्यता मिळाल्यावर तर अशा उतरलेल्या चेहऱ्यांना त्या औषधाच्या नावाचे टोपणनावच पडले. २०२५ पासून ते याच कामासाठी भारतातही विकले जाऊ लागले. तेव्हा आमच्या जत्रांत हा संवाद आता वाढत्या संख्येने ऐकू येईल.

म्हणजे चेहऱ्याचा मुद्दा आम्ही मान्य करून टाकतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे? गुडघे झिजलेल्या स्थूल वृद्धांवरील २००५ मधील एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, एक रत्तल वजन उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार चार रत्तलांनी हलका होतो. अकरा किलोंचा हिशेब करा : पावलागणिक चव्वेचाळीस किलो. तांदळाचे जवळजवळ एक पोते. घरापासून देवळापर्यंत पावले किती पडतात ते ज्याचे त्याने मोजावे.

एक धोका मात्र चेहऱ्याच्या गोष्टीहून गंभीर आहे. उतारवयात वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की म्हातारा माणूस पडतो, हाड मोडते. ज्याचे वजन काही न करता आपोआप घटते त्याने तर मावशीबाईंच्या प्रश्नास देववाणी मानून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. आणि ज्याचे वजन मुळातच बेताचे आहे त्याने या भानगडीत पडूच नये. म्हणून आम्ही स्नेह्यांना गालांविषयी काही विचारले नाही. विचारले ते एवढेच : खुर्चीतून हात न टेकता उठता का? डाळ, मासे पुरेसे खाता का? डॉक्टरांकडे शेवटचे कधी गेला होता? उत्तरे समाधानकारक होती. मग बँटिंगच्या जिन्याची हकीकत सांगितली. ती ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘दोन वर्षांपूर्वी मीही या देवळाच्या पायऱ्या आडवा होऊन उतरत असे. कठड्याला धरून. सून पुढे उभी राहत असे, मी पडलो तर सावरायला.’

रात्री पालखी निघाली. गर्दीत मावशीबाई पुन्हा भेटल्या आणि त्यांनी तेच वाक्य उच्चारले. ‘हय, जालां,’ ते म्हणाले आणि सुनेला हाक मारून पालखीमागून प्रदक्षिणेला चालू लागले.