घाटवाट आणि वाण्याची वही

मुरबाडहून माळशेजकडे निघालो की वैशाखरे गावापुढे नाणेघाटाची वाट फुटते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणेत गाई, घोडे, कार्षापण किती दिले, त्याचे आकडे त्यात कोरले आहेत. आणि आरंभीच्या नमनात संकर्षण-वासुदेवांची नावे आहेत. व्यापाराच्या वाटेवर देवाचे नाव इतके जुने आहे!

कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांतही कोरलेली आढळतात. त्यांनी कमावले किती, हे कुठे लिहिलेले नाही. दिले ते मात्र दगडावर उरले.

पुढे सतराव्या शतकात देहूच्या एका वाण्याने हाच हिशेब आणखी पुढे नेला. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. ते मिरची विकायला कोकणात उतरले आणि लोकांनी त्यांच्या भोळेपणाचा फायदा घेतला, अशी कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे. मग 1630 चा दुष्काळ आला. व्यापार बसला, घरात मृत्यू आला. परंपरा सांगते, की तेव्हा तुकोबांनी कर्जखते काढली, निम्मी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

इथे नीट पाहा. तुकोबांनी बुडवले ते आपले घेणे. कुणाचे देणे बुडवले नाही. भावाचा वाटाही बुडवला नाही. वैराग्य आपल्या वाट्यापुरते घ्यायचे असते; दुसऱ्याच्या ताटातले उचलून त्यागी होता येत नाही.

आज शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला आहे. जमिनीला भाव आला, हाती पैसा आला, आणि भावाभावांत बहिणींच्या सह्यांवरून तंटेही आले. व्यापार करू नये, पैसा मिळवू नये, असे संतांनी कधी सांगितले नाही. पण माउली, कागदावर सही करण्याआधी एकदा मनात विचारा: यातला माझा वाटा कोणता, आणि त्यातले मी सोडू शकतो किती? वही मिटल्यावर उरणार आहे ते तेवढेच.

रामकृष्णहरि.