टोपीवरचा बिल्ला

बचत गटाच्या कामासाठी आम्ही घरोघरी जातो. सैनिकाच्या घरी भिंतीवर गणवेशातला फोटो असतोच. आपण चेहरा पाहतो, टोपीवरचा बिल्ला पाहत नाही. आज आम्ही महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची गोष्ट सांगणार आहोत.

पुणे जिल्ह्यात भीमा कोरेगावला एक दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तिथे कंपनी सरकारची आणि पेशव्यांची फौज लढली. कंपनीने आपल्या मेलेल्या शिपायांसाठी हा स्तंभ उभारला. त्यावरची बावीस नावं महार शिपायांची, 'नाक' या अक्षरांनी संपणारी. गावाला ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांची नावं दगडावर कोरली गेली.

पण पुढे त्याच इंग्रजांनी महार ही 'लढाऊ जात' नाही असं ठरवलं आणि १८९० नंतर त्यांची भरती बंद केली. घरचा पगार गेला, पेन्शन गेली, पलटणीतल्या शाळेचं शिक्षणही गेलं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेपर्यंत अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

बाबासाहेब आंबेडकर स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. सैन्यभरतीसाठी ते सरकारशी भांडत राहिले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर तोच कोरेगावचा स्तंभ आला. ज्या पुराव्याकडे सरकारने पाठ फिरवली होती, तो आता जवानाच्या कपाळावर होता.

स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन मात्र राहिल्या, कारण ही रेजिमेंट पुढे मशीनगन चालवणारी रेजिमेंट बनली होती. आज तिच्यात सगळ्या समाजांचे जवान आहेत. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे.

तेव्हा बायांनो, घरात जुना फोटो असेल तर धूळ पुसून बिल्ला नीट बघा. आणि शेजारी आजी बसली असेल तर तिलाही विचारा, तो लढाईवर असताना घर कसं चालवलंस? दगडावर तिचं नाव नाही. निदान आपल्या वहीत तरी लिहून ठेवू या.