टेंपर गेला, मूड आला

आमच्या घरात इंग्रजी भाषा शाळेच्या दप्तरातून आली नाही, ती नानांच्या रागातून आली. नाना धुळ्याला एका कचेरीत कारकून होते. एका संध्याकाळी भरताला मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी ताट असं सरकवलं, की कळण्याची भाकरी उंबऱ्यापर्यंत गेली आणि भरीत भिंतीवर चढलं. पलीकडून शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय व्हयनं वं माय? नानाले राग उना का?" आई म्हणाली, "नाही हो, ताट निसटलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून, आईकडे न बघता कॅलेंडराकडे बघत नाना म्हणाले, "काल जरा टेंपर गेला."

"कुठं गेला?" आई म्हणाली. "आणि यायचाय कधी परत?"

आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. नाना हसले नाहीत. आज वाटतं, ती क्षमायाचना होती. "माझं चुकलं" हे दोन शब्द त्या पिढीच्या पुरुषांच्या तोंडून निघत नसत. दोनांपैकी एक शब्द तर ते आयुष्यभर वापरत असत, तो म्हणजे "माझं". अडचण होती ती दुसऱ्याची.

पुढे मला शब्दकोश चाळण्याचं व्यसन लागलं आणि हा टेंपर आला कुठून याचा मी शोध घेतला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ म्हणे योग्य प्रमाणात मिसळणे. पोलादाला पाणी देतात, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द. म्हणजे टेंपर हा राग नव्हेच, तो मनाचा समतोल. तो गेला की माणूस भडकतो. नाना व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर होते! टेंपरेचर त्याच घरातलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर गेला, की ही दोन भावंडं एकत्र का नांदतात हे कोशात बघावं लागत नाही.

साहेबाच्या देशात पूर्वी वैद्यक आपल्यासारखंच होतं. शरीरात चार रस, त्यांतलं पित्त खवळलं की माणूस संतापी. पित्ताच्या ग्रीक नावावरूनच तापट माणसाचं इंग्रजी विशेषण झालं. त्या रसांना ते 'ह्यूमर' म्हणत, आणि पुढे विनोदालाही तेच नाव पडलं. म्हणजे चिडणं आणि हसवणं दोन्ही एकाच बरणीतलं. विनोदी लेखकांच्या घरी जाऊन आलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको.

आपल्या 'राग' शब्दाचं चरित्रही काही कमी विचित्र नाही. संस्कृतात राग म्हणजे रंग आणि प्रेमसुद्धा. 'अनुराग' त्यातलाच. गवयानं तो गळ्यात घेतला, तर मराठी माणसानं आणि बंगाल्यानं नाकाच्या शेंड्यावर! प्रेमापासून संतापापर्यंतचा हा प्रवास भाषेला काही शतकं लागली असतील. संसारात तो बराच लवकर आटोपतो.

आता जरा गंभीर इतिहास. वरिष्ठांचा राग हा नेहमी राज्यकर्त्यांच्या भाषेत होतो, असा माझा सिद्धांत आहे. फारसीचं वजन होतं तेव्हा 'खप्पामर्जी' झाली, 'इतराजी' झाली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी खप्पामर्जी काही हटली नाही. १८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि साहेबाचा टेंपर सुरू झाला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, जळगावला एक साहेब, धुळ्याला एक. टेंपरही दोन झाले. कारकुनानं साहेबाचा टेंपर दिवसभर सोसायचा आणि संध्याकाळी तोच घरी घेऊन यायचा, हा क्रम साहेब गेल्यावरही चालू राहिला.

उलट दिशेनंही एक शब्द गेला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात 'त्रागा' आहे. गुजरात-काठेवाडाकडचे भाट-चारण शब्द मोडणाऱ्याच्या दारात स्वतःचंच रक्त सांडत, त्याला त्रागा म्हणत. दुसऱ्याचा राग स्वतःवर काढायचा! वाचताना मला आईची आठवण झाली. ती रक्त सांडत नसे; जेवत नसे, इतकंच.

इंग्रजी शब्दांवर चिडणारा थोर माणूसही आमच्या धुळ्याशीच जोडलेला. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि पुढल्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठीतच लिहीन हा त्यांचा बाणा, आणि त्यांचा संताप तर संशोधनाइतकाच प्रसिद्ध. पण त्यांचा टेंपर गेला असं कुणी म्हणेल? छे! तो अस्सल देशी संताप. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. क्रोधानं माणसाचं काय काय जातं, याची यादी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहेच. नानांच्या कपाटात ते पुस्तक होतं. भरताच्या संध्याकाळी ते कपाटातच होतं.

मग आमची पिढी आली. आमचा टेंपर जात नसे, मूड जाई. टेंपर गेला म्हणणाऱ्याकडे निदान थोडा दोष राहतो. 'मूड ऑफ' म्हटलं की वीज गेल्यासारखं. जबाबदार कुणीच नाही. या शब्दाचं जुन्या इंग्रजीतलं रूप मन, धैर्य आणि रोष या अर्थांनी चाले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी मनाचे सगळे चाळे मूड न वापरताच सांगितले, हे सोडा. आता नातू 'हँग्री' असतो. भुकेनं आलेल्या रागासाठी हा जोडशब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानं तो २०१८ मध्ये घेतला. म्हणजे भरताच्या संध्याकाळी नाना फक्त हँग्री होते. शब्द सुमारे पन्नास वर्षं उशिरा पोचला.

या सगळ्यात आईला मात्र एकही इंग्रजी शब्द मिळाला नव्हता. तिच्या वाट्याला धुसफूस, तणतण, आदळआपट. म्हणजे राग तिचा, पण आवाज भांड्यांचा. ते ऐकून कुणी विचारत नसे, "काय झालं?" फार तर नाना म्हणत, "भांडी जरा हळू."

नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई आता माझ्याकडे जळगावला असते. परवा दुपारी ती जेवायला उठेना. सूनबाईनं दोनदा हाक मारली, मी एकदा. शेवटी ती पलंगावरूनच म्हणाली, "माझा मूड आफ आहे."

घर चिडीचूप झालं. नातवानं कानातलं काढलं. सूनबाईनं चहा टाकला. आणि मी जाऊन तिच्याजवळ बसलो आणि जन्मात पहिल्यांदा तिला विचारलं, "काय झालं गं?"

तिनं सांगायला सुरुवात केली ती त्या भरतापासून. त्यात मीठ बरोबर होतं म्हणे.