खानदेशातील देवीची लस : उष्मा, आई आणि भाषा

'लस' ह्या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. व्रणातून अथवा फोडातून पाझरणारा चिकट द्रव म्हणजे लस. एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचण्याची पद्धत नाहीशी होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु तिची आठवण ह्या शब्दाने जपून ठेवली आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. बगदाद व बसरा ह्या मार्गाने आलेली ती लस तिच्या दंडावर रुजली, आणि तेथून पुढील मुलांस देण्यात आली. त्या काळी लस साठविण्याचे सर्वांत भरवशाचे पात्र म्हणजे जिवंत मूल हेच होते.

१८१८ नंतर इंग्रजी अंमलाखाली आलेल्या खानदेशात ह्या पद्धतीची कसोटी लागली. तापीच्या खोऱ्यात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काचेच्या नळीत अथवा पट्टीवर वाळवून आणलेली लस अशा उष्म्यात निर्जीव होई, आणि खेड्यापाड्यांत बर्फ मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून टोचणीचा हंगाम प्रायः हिवाळ्यापुरता असे. देवीचा जोर मात्र वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत वाढत जाई. ज्या महिन्यांत संरक्षणाची निकड सर्वाधिक, नेमक्या त्याच महिन्यांत लस दगा देई.

आईबापांच्या विरोधाचा विचार करताना हे ध्यानात घेतले पाहिजे. तो विरोध केवळ अंधश्रद्धेपोटी होता, असे सरकारी अहवालांतून पुनःपुन्हा सुचविले जाते, आणि पुढील लेखकांनीही ते बरेचसे तसेच उचलले आहे. ते पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही. टोचलेल्या मुलासही देवी आल्याचे ज्या आईने पाहिले, तिचा अविश्वास अनुभवातून आलेला होता. निर्जीव लसीचे खापर मात्र तिच्या अज्ञानावर फुटले. शिवाय आठव्या दिवशी मूल पुन्हा आणावयाचे, आणि त्याचा दुखरा फोड फोडून परक्यासाठी द्रव काढू द्यावयाचा, हे कोणत्या आईस रुचावे? द्रव कोणत्या जातीच्या मुलाचा, ही शंका होतीच. पण रडणाऱ्या लेकराचा हात धरून ठेवणे हे त्याहून जवळचे दुःख होते.

भाषेचा पुरावा येथे विशेष बोलका आहे. 'मुलाला देवी आल्या' ह्या वाक्यात कर्तृत्व देवीकडे आहे, आणि अनेकवचन आदराचे आहे. आजार हा घरी आलेला पाहुणा ठरतो. 'देवी काढल्या' असे म्हणताच कर्तेपण टोचणाऱ्याकडे जाते आणि देवी कर्म होते. ह्या एका क्रियापदातील बदलात सबंध संघर्ष सामावला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. देवीचे दुसरे नाव शीतळा. श्रावणातील शीतळासप्तमीस चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खातात. तापलेल्या लेकराजवळ कडुनिंबाचा पाला ठेवणाऱ्या घरास थंडावा हाच उपचार वाटत होता. लसीसही थंडावाच हवा होता. फक्त ते कोणी त्यांच्या शब्दांत सांगितले नाही.

पुढील सुधारणा थोडक्यात सांगता येतात. वासरावर वाढविलेली, ग्लिसरीन मिसळलेली लस आली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगाव येथे तिचे उत्पादन होऊ लागले. तथापि उन्हाळ्याचा अडसर खऱ्या अर्थाने दूर झाला तो १९५० नंतर, लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर ह्यांनी गोठवून वाळविलेली लस सिद्ध केल्यावर. अशी लस ३७ अंश उष्णतेत महिनाभर टिकली पाहिजे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक होता. भारताची देवी-निर्मूलन मोहीम १९६२ मध्ये सुरू झाली, आणि मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही.

ह्या यशाने साठवणीचा प्रश्न संपला असे मात्र नाही. १९७८ च्या विस्तारित व १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांतील लसींस वाळलेल्या देवीच्या लसीइतका उष्मा सोसत नाही. त्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. आणि घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांवरील त्रिगुणी लस गोठली तरी बाद होते, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते. ह्या व्यवस्थेस मराठीत 'शीतसाखळी' असे नाव पडले. शीतळेतील 'शीत' अशा रीतीने शीतपेटीत परत आला.

जळगाव-धुळ्याच्या आरोग्यकेंद्रांत शीतकपाटाचे तपमान दिवसातून दोनदा नोंदले जावे, असा नियम आहे. आईस चार गोष्टी सांगावयाच्या, असाही नियम आहे : लस कोणती, त्रास काय होईल, पुन्हा केव्हा यावयाचे, आणि कार्ड जपून ठेवावयाचे. त्या चार गोष्टी छापलेल्या असतात प्रमाण मराठीत. अमळनेर-पारोळ्याकडील आई 'आंडोर' व 'आंडेर' ह्यांची भाषा बोलते; ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात ही खानदेशी भिल्ली बोलींच्या शेजारी बसविली होती. चोपडे, यावल, शिरपूर ह्या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी ऐकू येते. २००५ नंतर आलेली आशा कार्यकर्ती त्याच गावची असावी लागते; म्हणून छापील चार गोष्टी ती घरच्या बोलीत सांगू शकते, आणि सुई पाहून बिथरलेल्या मुलास आई 'मुंगी चावेल' असे सांगते, ते तिला उलगडून घ्यावे लागत नाही. तपमानाची वही सांभाळून ठेवली जाते. हे बोलीतले भाषांतर मात्र कोठेही लिहिलेले नाही.